गच्चीवरचं कच्चं काम

श्री

बालीगंज, कलकत्ता
सोमवार, ता. २४ सप्टेंबर १९७३

चि. सौ. शकुन हीस आईचे पोटभर आशीर्वाद. विनायकरावांना नमस्कार सांग. आम्ही इथे बरे, तुम्ही नागपुराला बरे असाल असं धरून चालते आणि लगेच सांगायला बसते, कारण पोटात मावत नाही.

तर नात बघायला सगळ्यात आधी कोण आलं असेल, ओळख! घोषालगिन्नी. गिन्नी म्हणजे इकडे घरची मालकीण. आपल्या खालच्या मजल्यावरची ती जाडी, गुडघे दुखतात म्हणून पाच वर्षांत आपल्याकडे एक जिना चढून आली नाही, ती त्या दिवशी संदेश मिठाईचा पुडा घेऊन धापा टाकत नर्सिंग होमच्या काचेपाशी हजर. बाळाला पाहिलं नि म्हणते, "एकदम ठाकुरदार मतो कान!" म्हणजे आजोबांसारखे कान. मी म्हटलं, बाई, आम्ही कलकत्त्याला आलो त्याच्या आधीच हे गेले, तुम्ही कान पाहिलेत कुठे? तर म्हणे फोटोत. फोटोत ह्यांनी मफलर गुंडाळलाय गं, महाबळेश्वरचा फोटो तो, कान औषधाला दिसत नाही! पण जाऊ दे. नातीची कोणी स्तुती करत असेल तर मी खोटंसुद्धा गोड मानून घेते सध्या.

शकू, काय सांगू तुला. गौरी जेवल्या त्याच संध्याकाळी आली. लग्नानंतर अकरा वर्षांनी मनोहरच्या घरात बाळ रडलं. दिवस भरायच्या आधी आली म्हणून मूठभर आहे, पावशेर लोण्याचा गोळा जसा. पण हात काय हलवते! बोटं लांब, तुझ्यासारखी. नाक अजून ठरलेलं नाही.

तुझी तार मनोहरला मिळाली. त्याच्या एकट्याच्या नावाची होती. वृंदाने वाचली आणि घडी करून उशीखाली ठेवली. ते असो. त्यावर मागाहून येते.

अक्षराला हसू नकोस. एरवी मी सांगते नि मनोहर लिहितो, हे तुला ठाऊक आहे. हे पत्र मी स्वतः लिहितेय, दोन दुपारी लागल्या. चौथीपर्यंतच्या शाळेत एवढंच येतं. वाचून झाल्यावर विनायकरावांच्या हाती पडू देऊ नकोस.

हां, तर आमच्या इमारतीचं तुला आठवत असेल. खालच्या दोन मजल्यांवर नर्सिंग होम, वर राहायच्या जागा, आणि सगळ्यात वर बँकेने मनोहरला दिलेली आमची जागा, गच्चीला चिकटून. म्हणजे बघ, वृंदा बाळंत झाली तीही जिना उतरून. टॅक्सी नको, काही नको. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय. डॉक्टर सान्याल भला माणूस, मला हिंदीतून समजावून सांगतो. ही पेटी म्हणे ऊब देते, पण गारवा देऊ शकत नाही. खोली तापली की पेटीही तापते, मग ती पेटी राहत नाही, भट्टी होते. म्हणून ती एक खोली एअरकंडिशन केलेली. आणि त्या खोलीला थंड करणारं यंत्र कुठे? तर आमच्या डोक्यावर, गच्चीत. माझ्या खाटेच्या बरोबर वर.

तू आलीस तेव्हा त्याच्या आवाजाला वैतागली होतीस. लोखंडी खोपटासारखं धूड, आत एक मोठा पंखा, मोटर तो पंखा रबरी पट्ट्याने फिरवते. नर्सिंग होमचा निमाई मिस्त्री दर पंधरा दिवसांनी वर येऊन त्याची जाळी घासतो. त्याला मी पोहे देते, तो मला मासिमा, म्हणजे मावशी, म्हणतो. तो सांगतो, समुद्र इथून दिसत नाही, पण त्याचं दमट वारं येतं आणि लोखंड खातं. खरंय. मी पापड घातले तर दुपारपर्यंत ओले, आणि ती जाळी बघावी तर लाल. इथे भाद्रपदात जो उकाडा होतो त्याला नाव नाही. नागपूरचं ऊन परवडलं, ते कोरडं मारतं. हे उकडून मारतं.

आता गेल्या सोमवारचं सांगते, म्हणजे बरोबर आठवडा झाला. पितृपक्षातली पंचमी, ह्यांची तिथ. सकाळी मी वड्याची डाळ वाटत होते आणि एकदम कान गच्च झाल्यासारखं वाटलं. वरचा आवाज थांबला होता! आधी मला बरंच वाटलं गं, मेलं किती दिवसांनी शांत. आणि मग बाळाची पेटी आठवली, डाळ तशीच टाकून उठले.

खाली गेले तर नर्सेस पंख्याने वारा घालताहेत, ओल्या चादरी खिडकीला टांगताहेत. डॉक्टर घाम पुसत मनोहरला म्हणत होता, दुपारपर्यंत मशीन चालू व्हायला हवं, नाहीतर मी काही सांगू शकत नाही. दुसऱ्या हॉस्पिटलात न्यावं तर पेटीबाहेर काढून टॅक्सीतून ह्या उन्हात नेणं म्हणजे आपणच मारल्यासारखं. मनोहर धावला मिस्त्री शोधायला. आणि शकू, सबंध कलकत्त्यात मिस्त्री नाही! त्या दिवशी ह्या लोकांची विश्वकर्मापूजा. हत्तीवर बसलेला देव, हातात हातोडी. गॅरेज, छापखाने, रिक्षांचे अड्डे, सगळीकडे मांडव, सगळीकडे भोंगे. आपण नवमीला हत्यारं पुजतो तशी हे त्या दिवशी पुजतात, आणि पुजलेल्या हत्याराला कोणी बोट लावत नाही. रबरी पट्ट्याचं दुकान बंद. कंपनीचा फोन वाजतोय, उचलायला माणूस नाही.

निमाई होता. त्याने गच्चीतच, मशीनच्या बाजूला, देवाची तसबीर मांडून आपली हत्यारं समोर ठेवली होती. मनोहरने त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तो रडला गं, खरंच रडला, "आज हात देबो ना साहेब, आज हात देबो ना," दोनदा हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग म्हणाला, बर्फ आणतो, आणि गच्चीची किल्ली माझ्या हातात देऊन पळाला. मनोहर त्याला मागून काय काय बोलला ते लिहीत नाही. बँकेतला माणूस, असे शब्द येतात हेच मला माहीत नव्हतं.

वृंदा खाटेवर बसून होती. मला म्हणाली, "आई, तुम्ही वर जा, श्राद्धाचं आटपा. इथे नुसत्या बघत बसू नका." मी म्हटलं, अगं श्राद्ध कसलं आता. तर म्हणाली, "बाबांना सांगा. ते ऐकतील तर ऐकतील." आधीची दोन गेली तेव्हाही ती रडली नव्हती, आताही नव्हती रडत. नुसती भिंतीकडे बघत होती. असं माणूस बघवत नाही.

मग मी गच्चीत पान घेऊन गेले, कावळ्याचं. तर तिथे दोन मिस्त्री होते, त्यांनी तासाभरात यंत्र चालू केलं, आणि मी खाली धावत आले तेव्हा डॉक्टर हसत होता. झालं!

बाळ आता छान आहे. दूध पिते. घोषालगिन्नी काल पुन्हा आली, ह्या वेळी मिष्टी दही. तिचे गुडघे बरे झाले वाटतं. परवा महालया, म्हणजे आपली सर्वपित्री, पहाटे सगळी इमारत रेडिओ लावून बसेल, मलाही ती खाली बोलावून गेलीय. बाळाला अष्टमीच्या आदल्या दिवशी घरी आणायचं आणि पुढच्या आठवड्यात गुरुवारी अष्टमीला बारसं. बारावा दिवस पितृपक्षात आला, तेव्हा कुठलं बारसं, म्हणून बिचारी अजून बिननावाची आहे. आणि आत्या म्हणून तुला यायचंय, शकू. ह्यासाठीच हे पत्र.

म्हणजे तेवढ्यासाठीच नाही.

परवा बुधवारी नाही का, छे, गेल्या बुधवारी, पूजा आटोपल्यावर कंपनीचा मिस्त्री आला. मनोहर, मी, निमाई, सगळे गच्चीत. त्याने लोखंडी दार उघडलं, आत बघितलं आणि नुसता उभा राहिला. पंखा फिरत होता, झक्क. पण रबरी पट्ट्याच्या जागी माझ्या लुगड्याचा काठ होता. पीळ घातलेला, गाठ मारलेली. तो म्हणाला, "हे कोणी केलं? हा पट्टा अर्धा तास टिकायचा नाही. जळून जायला हवा." तो दोन दिवस चालला होता. आज आठवा दिवस, चालूच आहे. मनोहर म्हणाला, मग नवा घाला की. कंपनीवाला पाना घेऊन वाकला, तेवढ्यात निमाईने त्याचं मनगट धरलं आणि बंगालीत काहीतरी भरभर बोलला. तो माणूस पांढराफटक पडून खाली उतरला. पावतीसुद्धा केली नाही.

मनोहर त्याच्यामागे भांडत गेला. मी आणि निमाई राहिलो. तो म्हणाला, "मासिमा, कारा एशेछिलो? कोण आलं होतं?"

मी वर्णन केलं. एक थोरला, एक तरणा. खाकी कपडे, केस तेल लावून चोपलेले. आम्ही सगळे घामाने निथळत होतो आणि त्यांचे शर्ट परीटघडीचे. पाय मी पाहिले गं, हसू नकोस, सरळ होते. पण गच्चीत चुलींची काजळी बसते ना, तिच्यावर मी चालले त्याची पावलं उमटली होती. माझीच तेवढी. आणि त्या दिवशी सगळ्या गच्च्यांवरून पतंग उडत होते, पोरं 'भोकाट्टा' म्हणून किंचाळत होती, एक कटलेला पतंग आमच्यावरून गेला आणि त्याचा मांजा थोरल्याच्या गळ्यावरून सर्रकन ओढला गेला. त्या मांज्याने मनोहरचं बोट कापून टाके पडले होते मागे. ह्याला ओरखडा नाही. त्याने नुसती मान खाजवली. मी त्यांच्याशी आपली मराठीतच बोलत होते आणि ते मला उत्तर देत होते. कुठल्या भाषेत, ते आता कितीही आठवलं तरी आठवत नाही.

निमाई खाली बसला. मग त्याने सांगितलं. हे यंत्र गच्चीत बसवलं तेव्हा नर्सिंग होमचा मालक दुसरा होता. त्याला उद्घाटनाची घाई. पूजेच्या दिवशी मिस्त्री हात लावेनात, तेव्हा त्याने स्वतः देवापुढची हत्यारं उचलून दोघांच्या हातात दिली. पोटासाठी बिचारे चढले. दोर सुटला, दोघेही खाली अंगणात. निमाई तेव्हा दोर धरणाऱ्यांत होता. आणि मालक? तो त्याच वर्षी नवमीला गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. काही आजार नाही, काही नाही.

"हत्यार त्यांना स्वतःला उचलता येत नाही," निमाई म्हणाला. "कोणीतरी द्यायला लागतं. मासिमा, तुम्ही दिलंत?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक बाबा, आमच्यात हत्यारं नवमीला पुजतात. मनोहरलाही हेच सांगितलं. वृंदालाही.

तुला नाही सांगवत असं. सांगलीला माझ्या अण्णांचं दुकान आठवतं? शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. तू सात वर्षांची असशील, नवमीला त्यांनी पुजलेली कानस तू खेळायला उचललीस, आणि ज्या माणसाने कधी पोरांवर आवाज चढवला नाही त्याने तुझ्या पाठीत धपाटा घातला. तू रडलीस, मग तुला मांडीवर घेऊन म्हणाले, "पुजलेलं हत्यार त्या दिवशी माणसाचं नसतं, बाळ. ज्याचं असतं त्याला आपण ओळखत नाही." मी चुलीपाशी बसून ऐकलं होतं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

गच्चीचं कुलूप मीच उघडलं, शकू. बाहेरून बंद होतं. आत ते दोघं उभे होते, मशीनकडे तोंड करून.

मी पान कठड्यावर ठेवलं. कावळा येईना. पतंगांनी घाबरले असतील मेले. मी ह्यांना हाका मारत होते, मनातल्या मनात, भांडतच होते म्हण ना. तेवढ्यात थोरला वळून म्हणाला, "मशीन बंद पडलंय वाटतं, मासिमा."

मी म्हटलं, "दिसतंय ना! तुम्ही मिस्त्री का?"

"ह्याच मशीनचे. आम्हीच बसवलं."

"मग उभे काय? खाली माझं लेकरू भाजतंय!"

"हत्यार नाही."

"हे काय पुढ्यात पडलंय!"

तरणा हसला. गरीब हसू होतं गं. म्हणाला, "ते आमच्या हातात द्यावं लागतं."

मी बघितलं. पान्याला शेंदूर लावलेला होता. वर झेंडूचं फूल. मला अण्णा आठवले, तुझी पाठ आठवली, सगळं आठवलं. आणि खाली वृंदा भिंतीकडे बघत होती तेही.

मी फूल बाजूला केलं आणि पाना उचलून त्याच्या हातात दिला. मग पक्कड. मग पेचकस. एकेक करून सगळं. त्याचा हात गार होता, माठासारखा. वाईट नाही वाटलं, उकाड्यात बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

थोरल्याने दार उघडलं, म्हणाला पट्टा गेलाय. कापडाचा चालेल, पण अंगावरून उतरलेलं हवं. दोरीवर माझं इरकली वाळत होतं, मी दातांनी काठ तोडून दिला. इतक्या सफाईने पीळ घातला दोघांनी! मग पंखा फिरला, आधी हळू, मग असा की माझा पदर उडाला. मी तिथेच त्यांची दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली.

म्हटलं, बाबांनो, जेवून जा. तर थोरला कठड्यावरच्या पानाकडे बघत म्हणाला, "हे चालेल." कावळ्याचं पान ते. मी नको कशी म्हणणार? दोघं मांडी घालून बसले आणि वडा, खीर, भाजी सगळं संपवलं, शीतही ठेवलं नाही. इतक्या भुकेने जेवणारं माणूस मी पाहिलं नाही. तरणा मान खाली घालून म्हणाला, "आम्हाला कोणी वाढत नाही, मासिमा." आता तूच सांग, अशांना भ्यायचं कसं?

उठताना थोरल्याने विचारलं, "काम कोणाच्या नावावर?" निमाईसुद्धा विचारतो तसंच, साधं. तरणा म्हणाला, "बाळाच्या?" माझ्या अंगावर काटा आला, का ते तेव्हा कळलं नाही. मी झटकन म्हटलं, "तिला अजून नाव नाही. माझ्या नावावर टाका. कालिंदी." तरण्याने ते दोनदा पुटपुटून पाठ केलं. आणि थोरला म्हणाला, "हे कच्चं काम आहे, मासिमा. नवमीपर्यंत ओढेल. त्या दिवशी येऊन पक्कं करतो. दुपारी, जेवणं झाल्यावर." मी म्हटलं, या. घर तुमचंच आहे.

आता तुला सगळं कळलं. रडू नकोस. मी रडत नाहीये, माझ्या जिवाला इतका आनंद आहे की लोक विचारतात कालिंदीताई तरुण दिसायला लागल्यात. मी पिकलं पान. ह्यांच्यामागे इतकी वर्षं राहिले, मनोहरचं बाळ पाहिलं, आणखी काय लागतं? डॉक्टर म्हणतो सप्तमीपर्यंत पेटीची गरज संपेल. म्हणजे नवमीला ते यंत्र थांबलं तरी हरकत नाही. बघ, हिशोबाने दिलाय त्यांनी वेळ. माणसं चांगली आहेत.

पण एक गोष्ट माझ्या हातात नाही आणि तिनेच माझी झोप उडालीय. काल वृंदा आणि मनोहर माझ्यापुढे येऊन बसले, लाजत लाजत. वृंदा म्हणाली, "आई, बाबांना तुम्हीच हाक मारलीत म्हणून हे झालं. आम्ही बाळाचं नाव कालिंदी ठेवणार." मी म्हटलं, अगं, जिवंत माणसाचं नाव ठेवतात का कुठे! तर मनोहर म्हणतो, "आई, हे जुने समज आता पुरे. निमाईच्या समजापायी पोर हातची जात होती." आणि वृंदाचे डोळे भरून आले, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आनंदाने. त्या डोळ्यांपुढे माझ्याने नाही म्हणवलं नाही. मनोहरला खरं सांगितलं तर तो मला वेड लागलं म्हणेल आणि हट्टाने तेच नाव ठेवेल. तू ओळखतेस त्याला.

शकू, नवमीला, शुक्रवारी, ते दोघं दारात उभे राहून कालिंदी कोण म्हणून विचारतील, तेव्हा ह्या घरात कालिंदी एकच असायला हवी.

म्हणून तू ये. पुढच्या बुधवारपर्यंत पोच. बारशाला पाळण्यात वाकून कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मनोहर तुला सांगेल, कालिंदी सांग. तू हो म्हण. आणि 'कुर्रर्र' करून बाळाच्या कानात दुसरंच सांग. तुझ्या मनाला येईल ते. पाठीत धपाटे बसतील तेव्हा मोठ्याने तेच जाहीर कर. मनोहर चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. चिडू दे. आत्याने सांगितलेलं नाव फिरवता येत नाही, एवढं तोही जाणतो.

आणि मला ते नाव कळू देऊ नकोस. मी तेव्हा स्वयंपाकघरात घुगऱ्या परतत असेन, पातेल्यावर झारा आपटत राहीन. नंतरही माझ्यापुढे सगळ्यांनी तिला छकुली म्हणावं, म्हातारीला सवय होईपर्यंत, असं काहीतरी सांग. माझं तोंड फाटकं, तुला माहीत आहे. आणि ते दोघं इतक्या गोडीने विचारतात की मी बोलून जाईन. जे मला ठाऊकच नाही ते माझ्याकडून कोण काढून घेणार?

वृंदाचं राहिलं. चार वर्षांपूर्वी तू भरल्या हळदीकुंकवात जे बोललीस, रिकाम्या ओटीबद्दल, ते तिने मला कधी बोलून दाखवलं नाही, तूही नाही. मी दोघींच्या मधे बसून तिळगूळ वाटत राहिले. आता तुझ्या तारेची घडी तिच्या उशीखाली आहे, फेकलेली नाही, ह्यावरून काय ते समज. येताना तिच्यासाठी नागपूरची संत्र्याची बर्फी आण आणि आधी तिच्या खोलीत जा, मग माझ्या. नाव बदललंस म्हणून ती चिडली तर मान खाली घालून ऐकून घे. शुक्रवारनंतर, तिला विचारावंसं वाटलं तर, हे पत्र दाखव. तिलाच. मनोहरला नको.

माझ्या ट्रंकेची किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवतेय. ह्यांचा तो मफलर छकुलीला दे, कान झाकायला.

आता दुपार झाली. मी खाटेवर पडून लिहितेय आणि वर यंत्र चालू आहे. आधी खडखड करायचं, हल्ली नाही करत. सळसळ येते, नव्या लुगड्यात मी चालले की यायची तशी. काल निमाई जाळीतून बघून आला. म्हणाला, काठ विरत चाललाय, मासिमा, पण धरून आहे. मी म्हटलं, धरेल. जुना माल आहे.

गाडीत खिडकीशी बसू नकोस, कोळसा डोळ्यात जातो. बारसं गुरुवारी सकाळी. आणि ते दोघं शुक्रवारी येतो म्हणालेत, नवमीला, दुपारची जेवणं झाल्यावर. मी त्यांच्यासाठी दोन पानं वेगळी वाढून ठेवणार आहे.

तुझी आई,
कालिंदी
(ह्या घरात हे नाव एकटीचं)